मधमाश्यांसाठी बाग करताय? आधी मंजिऱ्या खुडणं थांबवा

दिवाळी झाली की कोणीतरी हमखास विचारतं, "ताई, एवढी फुलझाडं लावली, पण एक माशी फिरकेना." मी विचारते, दारात तुळस आहे का? असते. मंजिऱ्या? "त्या रोज खुडते, नाहीतर तुळस वाळते ना!" तिथेच घोडं पेंड खातं.

साताऱ्यात यवतेश्वरच्या पायथ्याला आमची दीड गुंठ्याची परसबाग आहे. तिथे सातेरी म्हणजे ढोलीत, कपारीत राहणाऱ्या आपल्या देशी मधमाश्यांची सगळ्यात जास्त वर्दळ कुठल्या महागड्या रोपावर नसते, तुळशीवर असते. सकाळी ऊन मागच्या पायरीवर आलं की त्या बारक्या जांभळट फुलांवर गुणगुण सुरू होते. मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार होते आणि बी धरलं की झाड थकतं, हे मलाही मान्य आहे. म्हणून वृंदावनातली तुळस देवाची, ती मी खुडते. मागच्या भिंतीलगतच्या चार तुळशी माश्यांच्या, त्यांना हात लावायचा नाही. त्या म्हाताऱ्या होईपर्यंत खाली सांडलेल्या बियांतून पिल्लं उगवलेली असतात. एवढा साधा हिशोब आहे, पण लोकांना खुडल्याशिवाय चैन पडत नाही.

पहाटे पिशवी घेऊन पूजेची फुलं तोडायला निघणाऱ्यांनाही हेच सांगणं. माशी घराबाहेर पडायच्या आत झाड मोकळं करून ठेवता, मग ती बसणार कशावर? देवाला पाच फुलं पुरतात.

आता नर्सरीतली चूक. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी नव्या बंगल्यापुढे झेंडूची चाळीस रोपं लावली. फुलं कशी, तर चेंडूएवढी, गच्च. महिनाभराने मला बोलावलं, "बघा, एक माशी नाही." मी एक फूल तोडून मधोमध उभं फाडलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. नुसत्या पाकळ्याच पाकळ्या. साध्या झेंडूत मध्यभागी जी बारीक नळ्यांसारख्या फुलांची टिकली असते, तिथे मकरंद आणि पराग असतात. गच्च जातींत त्या टिकलीच्याही पाकळ्याच झालेल्या असतात, आणि थोडंफार काही उरलं तरी माशी आत पोचत नाही. दुप्पट पाकळ्यांच्या जास्वंदीचं, गुलाबाचं तेच. बोगनवेलीचा तर रंग हाच देखावा. रंगीत दिसतात ती पानं, खरं फूल आतलं पांढरं, चिमुकलं.

मी रोप घ्यायला सकाळी दहाच्या सुमारास जाते आणि आधी दहा मिनिटं नुसती उभी राहते. कुठल्या वाफ्यावर माश्या आहेत ते बघते आणि तिथलंच रोप उचलते. नर्सरीवाला हसतो, हसू दे. कॉसमॉस, सूर्यफूल, एकेरी झेंडू, सब्जा, आइसक्रीमची गुलाबी वेल, शेवगा, लिंबू यांनी मला कधी फसवलं नाही. घरी आणल्यावर रोपावरची फुलं खुडून टाकते, कारण तिथे काय फवारलंय ते माहीत नसतं. नव्या फुटीवर येतील ती फुलं माश्यांची.

फवारणीचं मात्र माझ्याच तोंडून ऐका, कारण ही चूक मी केली आहे. वाफ्यातली कोथिंबीर मुद्दाम काढली नव्हती, धने धरू दिले होते. पांढऱ्या फुलोऱ्यावर माश्या इतक्या, की वाफा हलल्यासारखा वाटायचा. मग मावा ही रस शोषणारी बारीक कीड पडली. देठ चिकट झाले, शेंडे काळपट दिसायला लागले. मी औषधाच्या दुकानात जाऊन म्हटलं, "काहीतरी जोरदार द्या." त्याने छोटी बाटली दिली. फुलोरा आहे का, हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रविवारी सकाळी नऊला फवारलं, कारण मला तेव्हा वेळ होता. दुपारी चहाचा कप घेऊन मागे गेले तर वाफ्याखाली माश्या पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. काहींची सोंड बाहेर आलेली, तशीच ताठ. सुपलीत गोळा केल्या, पण मोजायचं धाडस झालं नाही. शेजारच्या जुन्या जांभळाच्या ढोलीत सातेरीचं घर होतं. आठवडाभरात त्या ढोलीच्या तोंडाशी जा-ये इतकी कमी झाली, की शेजारच्या आजींनीच विचारलं, "माश्या कुठं गेल्या गं?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून फुलोऱ्यावर औषध नाही म्हणजे नाही. मावा दिसला की पाण्याचा जोराचा फवारा, मग बोटांनी चिरडणं. फारच झालं तर रिठ्याचं पाणी, तेही दिवेलागणीला माश्या घरी गेल्यावर. "निंबोळी अर्क सेंद्रिय आहे, सकाळी मारला तर काय बिघडतं?" ही आणखी एक पळवाट. संध्याकाळपर्यंत थांबता येत नसेल तर बाग करू नका, प्लास्टिकची फुलं लावा.

बाकीच्या चुका थोडक्यात. सगळ्यांचं एकेक रोप लावणं ही पहिली. माशी एका फेरीत बहुतेक एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे वीस जातींच्या वीस कुंड्यांपेक्षा एका जातीची सहा रोपं एकत्र बरी. दुसरी, सगळं लालभडक निवडणं. मधमाशीला लाल रंग दिसत नाही; निळा, जांभळा, पिवळा, पांढरा दिसतो. तिसरी, पाण्याची बादली भरून ठेवणं. त्यात त्या बुडतात. पसरट परळात खडे घालून पाणी ठेवा.

कास पठारावरून रोपं उपटून आणणाऱ्यांबद्दल काय बोलावं! कातळावरच्या वीतभर मातीतली ती झाडं तुमच्या शेणखताच्या कुंडीत जगत नाहीत. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. पठार जागतिक वारशात गेलंय, पाहुण्यासारखं जा आणि तसंच परत या.

महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव झालं आणि आमच्याकडे फुलांच्या आधी मधमाश्यांची पेटी घेणाऱ्यांची लाट आली. अहो, तिथला मध जांभूळ, पिसा, गेळा, हिरड्याच्या रानाचा आहे, चार कुंड्यांचा नाही. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या टप्प्यात फिरते. तेवढ्यात वर्षभर काय काय फुलतं ते आधी चालून बघा. आपल्याकडे खरा उपास पावसाळ्यात असतो, त्यामुळे जून ते सप्टेंबरात फुलणारं काहीतरी हवंच. मी मे अखेरीस सूर्यफूल आणि तीळ टोचते.

काकडीची, डांगराची बोटाएवढी फळं पिवळी पडून गळत असतील तर आणखी खत ओतू नका. बहुतेक वेळा परागीभवनच झालेलं नसतं. सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला हाताने लावा, आणि वेलाजवळ सब्जा लावा. दुधीसाठी मात्र माशीला दोष नको, त्याची फुलं संध्याकाळी उमलतात.

झेंडूवाल्या काकांनी गेल्या वर्षी सब्जाचं बी नेलं. तिसऱ्याच आठवड्यात फोन, "अजून आल्या नाहीत." मी विचारलं, "फूल आलं का?" तर म्हणाले, "नाही, पण पानं मस्त आहेत."