शिडाच्या बोटीतून एक दिवस : निघण्यापूर्वीची तयारी

पावसाळा सरून समुद्र निवळला की ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत मुंबई बंदरात २४ ते ३५ फुटांच्या शिडाच्या बोटीतून मनसोक्त भटकता येते. मात्र दिवस ठरवताना सुटीच्या वाराआधी पंचांग पाहावे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळून घ्यावी. माझी पसंती षष्ठी-सप्तमीला आहे. त्या दिवशी दुपारची भरती साडेचार-पाचच्या सुमारास पूर्ण होते, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी उतरत्या पाण्याबरोबर आणि मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या, वाऱ्यावर गेटवेहून निघावे, अकराच्या आसपास वारा पडला की डबे उघडावेत, आणि पुढे वायव्येचा खारा वारा भरला की चढत्या पाण्याचा हात धरून परतावे. भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटीचा काळ, जवळ असल्याने पाण्याची ओढही बेताची असते. उधाणाची भरती मुंबईत साडेचार मीटरच्या वर जाते आणि तिच्यामागची ओहोटी, वारा नसेल तर, बोटीला आपल्या मर्जीने नेते.

प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट, १६ क्रमांकाच्या चॅनेलवर तपासलेला व्हीएचएफ रेडिओ, नांगर व त्याचा पुरेसा दोर, धारदार सुरी आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक, एवढे असल्याशिवाय बोटीचा बांधलेला दोर सोडू नये. सुरी डब्यासाठी नव्हे. कीलमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाखालच्या उभ्या पात्यात, अडकलेला दोर कापायला ती लागते. कोळ्यांच्या जाळ्यांच्या खुणा म्हणजे कित्येकदा नुसते काळे कॅन किंवा थर्माकोलचे तुकडे असतात, म्हणून एकाने पुढे बसून तेवढेच पाहावे. मोठ्या जहाजांच्या मार्गापासून दूर राहावे. शिडाच्या बोटीला आधी वाट देण्याचा मान तिथे चालत नाही.

पायात मऊ तळव्याचे बूट, डोक्याला दोरीची टोपी, भरपूर पाणी आणि खायला दशम्या पुरेत. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी किनाऱ्यावरच घ्यावी.

शीड चढवण्यापूर्वी प्रत्येक शीटच्या, म्हणजे शीड आवरायच्या दोराच्या, टोकाला आठच्या आकाराची गाठ आहे ना, हे पाहावे, आणि विंचचे (दोर ओढायच्या फिरकीचे) हँडल वापरून झाले की लगेच बोटीवरच्या हँडलसाठीच्या खिशात टाकावे, कारण पाण्यात पडलेले हँडल परत मिळत नाही. मग शीड चढवून इंजिन बंद करावे. जिबला, म्हणजे पुढच्या शिडाला, दोन्ही बाजूंनी चिकटवलेले लोकरीचे दोरे मागे सरळ फडकू लागले की शीड बरोबर बसले. बोट किंचित कलते आणि सुकाणूच्या दांड्यात बारीक थरथर जाणवते. हा दांडा पाहुण्यांच्या हाती आवर्जून द्यावा. तो डावीकडे लोटला की नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, उजवीकडे वळते, हे हाताला उमगायला थोडा वेळ लागतो, आणि उमगले की पाहुणे दांडा सोडायला तयार होत नाहीत.

खांदेरी किल्ल्याच्या बेटापर्यंत जाण्याचा मोह होईल. पण वायव्येच्या वाऱ्यात परतीची वाट नागमोडी होऊन अंतर बरेच वाढते, तेव्हा पहिल्या फेरीत मांडव्याच्या अलीकडूनच, दोन वाजायच्या आत, बोट वळवावी.