बांधकाम परवानगी रखडली? तक्रार करताना या चुका टाळा

महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात घराचा नकाशा अडकला की माणूस आधी हेलपाटे घालतो, मग विनवण्या करतो आणि शेवटी वैतागून दिसेल त्या साहेबांच्या नावाने अर्ज टाकत सुटतो. या तक्रारींपैकी कितीतरी रास्त असतात. एकीकडे घरभाडं, दुसरीकडे कर्जाचा हप्ता अशा कात्रीत सापडलेल्या कुटुंबाचं गाऱ्हाणं खोटं कसं असेल? तरीही अशा तक्रारी फुकट जातात, कारण त्यांत राग असतो पण तारखा नसतात, आणि बऱ्याचदा त्या चुकीच्या दारात जातात.

‘साठ दिवस झाले, म्हणजे परवानगी मिळालीच’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये मानीव परवानगीची तरतूद आहे, हे खरं. अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. पण त्याच कलमात दोन अटी आहेत आणि त्या सहसा कुणी वाचत नाही. एक, प्रस्ताव विकास नियंत्रण नियमावलीत काटेकोर बसला पाहिजे. सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) थोडं जरी कमी भरलं, तरी मानीव परवानगीचा आधार जातो आणि उभं राहिलेलं बांधकाम अनधिकृत ठरतं. दुसरी अट, कार्यालयाने मध्ये काही खुलासा किंवा कागद मागितला असेल, तर ६० दिवस तुमचं उत्तर त्यांना मिळाल्यापासून मोजायचे.

खरी गोची इथे होते. आता बहुतेक ठिकाणी प्रस्ताव ऑनलाइन आणि वास्तुविशारदाच्या लॉगिनमधून जातो. त्रुटीही तिथेच येतात. मालक ‘फाईल साहेबांच्या टेबलावर आहे’ असं धरून चालतो आणि प्रत्यक्षात कार्यालय त्याच्याच उत्तराची वाट बघत असतं. तक्रार लिहिण्याआधी वास्तुविशारदाशेजारी बसून प्रस्तावाची सद्यस्थिती स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि प्रत्येक शेऱ्याची तारीख उतरवून घ्या.

त्रुटींची पूर्तता करतानाही नुसते कागद जोडून मोकळे होऊ नका. त्यांच्या मुद्दा क्रमांक १ ला तुमचं उत्तर क्रमांक १, असं ओळीने लिहा, सोबतच्या कागदांची यादी द्या आणि शेवटी हे वाक्य टाका: ‘वरील पूर्ततेनंतर आमच्याकडून काहीही प्रलंबित नाही. काही राहिले असल्यास सर्व बाबी एकत्रित व लेखी कळवाव्यात.’ पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. एक त्रुटी भागवली की दुसरी, दुसरी भागवली की तिसरी, हा प्रकार नागरिकांवर सरळसरळ अन्याय आहे. पहिल्याच छाननीत सगळं सांगायला कार्यालयाचे हात कुणी बांधलेले नाहीत. पण हा अन्याय वरिष्ठांसमोर सिद्ध करायचा, तर अशी तारीखवार पत्रंच हाताशी लागतात.

नकार आल्यावर तक्रारी करत बसणं

परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या, तर याच अधिनियमाच्या कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं. मुदत आदेश कळवल्यापासून ४० दिवस. लोक या काळात आमदारांकडे जातात, ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवतात, महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला उभे राहतात. तोवर चाळीस दिवस उलटून जातात. तक्रार हवी तर करा, पण अपील आधी दाखल करा.

आणि ‘हे होणार नाही’ असं कुणी तोंडी सांगितलं, तर तो नकार धरू नका. नकाराची कारणं आदेशात लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. लेखी आदेश मागा. तो हातात नसेल तर अपील करायचं कशाविरुद्ध?

नुसती दिरंगाई असेल तर

त्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. शहरी संस्थांच्या अधिसूचित सेवांमध्ये बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र (जोत्यापर्यंतचं काम नकाशाप्रमाणे झाल्याचं) आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी) या तिन्ही येतात. ठरलेली मुदत संपली की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करायचं, त्यावर दुसरं, आणि तिसरं थेट राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण तो व्यक्तिशः भरावा लागतो, म्हणून फाईल हलते.

माहिती अधिकारात ‘का’ विचारणं

‘माझी फाईल का अडवली?’ याला उत्तर मिळत नाही, कारण या कायद्यात मिळते ती नोंदीत असलेली माहिती. त्याऐवजी असं मागा: ‘दि. … रोजी आवक क्र. … ने दाखल प्रस्तावावरील सर्व टिपण्यांच्या प्रती, तसेच प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणाकडे पाठवला त्या नोंदीची प्रत.’ महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. कुणाच्या टेबलावर किती दिवस गेले, हे टिपणीत स्वच्छ दिसतं.

शेजारच्या बांधकामाबद्दल मोघम तक्रार

‘आमचा उजेड गेला’ एवढ्यावर कारवाई होत नाही. त्या इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत मिळवा आणि नकाशात बाजूचं अंतर किती, जागेवर किती, हे आकड्यांत लिहा, सोबत फोटो लावा. मंजुरीपेक्षा वेगळं बांधलं असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम काढून टाकण्याची, नोटीस काढण्याची मागणी करा. मालकीचा वाद मात्र महापालिका सोडवू शकत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, आणि हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणी.

वाद चालू असताना काम सुरू करणं

कंटाळून जोत्यापर्यंत काम उरकणारे बरेच आहेत. मग कलम ५३ ची नोटीस त्यांनाच येते आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

कुणी पैसे मागितले तर त्याची नुसती एक ओळ तक्रारीत घालू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ क्रमांकावर कळवा, आणि तेही पैसे देण्याआधी, म्हणजे त्यांना पडताळणी करून सापळा लावता येतो.