हॉस्टेलला निघण्याआधी: दहा कोड, कागदावर

कॉलेज सुरू व्हायला आठवडा उरला असेल तर गाद्या-बादल्यांची खरेदी थोडी थांबवा आणि तासभर फोन घेऊन बसा. पासवर्ड अवघड ठेवा वगैरे मी सांगणार नाही, ते शाळेपासून ऐकून पाठ झालंय. मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका, एवढं केलंत तरी पुरे.

आता मुख्य काम. गूगल खात्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावलं की सिक्युरिटीच्या पानावरून बॅकअप कोड काढता येतात, फोन हाताशी नसतानाही खातं उघडायला. दहा कोड, प्रत्येक आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा. पेनाने. मीही काढले होते, पण स्क्रीनशॉट मारून गॅलरीत ठेवले होते. दुसऱ्या वर्षाला स्वारगेटला बसमध्ये चढताना खिशातून फोन गेला, त्याच्यासोबत कोडही गेले. फोटोंचा बॅकअप होता की! पण तो त्याच खात्यात, जे उघडायचं होतं. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. फॉर्मचा ओटीपी मेलवर, मेलचा ओटीपी सिमवर आणि सिम चोराकडे. डुप्लिकेट सिम संध्याकाळी मिळालं, रेंजही आली. मग दुकानदार शांतपणे म्हणाला, "एसएमएस उद्या चालू होतील, चोवीस तास लागतात." लेट फी भरली. घरी अजून सांगितलेलं नाही.

म्हणून कागद. एक प्रत मार्कशीट आणि नॉन-क्रिमीलेयरच्या फाइलमध्ये, दुसरी घरी आईकडे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जाऊ नका, दहा ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. आणि लिहून झाल्यावर त्या कागदाचा फोटो काढून ठेवायचा मोह होईल. नको!

रिकव्हरी नंबर कुठला दिलाय तेही बघा. अकरावीतलं, रिचार्ज न केलेलं सिम असेल तर आजच बदला. बंद पडलेले नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. आईचा नंबर द्या, तो बदलत नाही.

सिमला पिन लावा, नाहीतर चोर तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी वाचत बसेल. कंपनीचा मूळ पिन आधी माहीत करून घ्या. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि ते उघडायला कंपनीकडचा पीयूके कोड लागतो. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर बघा आणि तोही त्याच कागदावर लिहा. फोन गेला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरून ब्लॉक करायला तो लागतो, सोबत पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत. तिथेही ओटीपी मोबाइलवरच येतो, म्हणजे आधी डुप्लिकेट सिम.

झेरॉक्सवाल्याकडे व्हॉट्सअॅप वेब उघडलं तर निघताना लॉगआउट करा. दोन मिनिटांनी रस्त्यात लिंक्ड डिव्हाइसेस उघडून परत बघा. माझ्या रूममेटचं आठवडाभर तिथे चालू होतं, अख्खा फॅमिली ग्रुप काउंटरवर. आधार कुणाला द्यावंच लागलं तर मास्क्ड द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पैशांचं थोडक्यात. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. जुनी सायकल विकताना समोरचा "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला की फोन ठेवा. खोली बघितल्याशिवाय डिपॉझिट नाही. स्कॉलरशिपचा मेसेज आला तर लिंक दाबू नका, महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल, स्वतः उघडून बघा. पोलिस असल्याचं सांगून कुणी व्हिडिओ कॉलवरच "अटक" केली तर घाबरू नका, डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

बाकी अपडेट, अॅपच्या परवानग्या, लॅबच्या पीसीवरचं लॉगिन... करा ते. सेमिस्टर संपताना कोड किती उरलेत बघा. नवीन दहा काढलेत की जुने सगळे बाद होतात, तेव्हा कागदही बदला. आईकडचासुद्धा.