नवीन घरात शिफ्ट झालात? घर लावायच्या आधी घर ओळखून घ्या

सामानाचा ट्रक निघून गेला की घरात एकदम शांतता होते बघा, चारी बाजूंनी खोकी, मधे आपण, आणि हातात कटर घेऊन वाटत असतं की आता दोन दिवसात सगळं लावून टाकू. मी आत्तापर्यंत पाच घरं बदललीत आणि दर वेळी हेच वाटलंय. पण आता कोणी विचारलं तर मी एकच सांगते, घर लावायची घाई करू नका, आधी घर ओळखून घ्या. सोफा कुठल्या भिंतीला आणि पडदे कुठले हे पंधरा दिवसांनी ठरवलं तरी काही बिघडत नाही, पाण्याचा मेन कॉक कुठे आहे हे मात्र पहिल्याच संध्याकाळी माहीत पाहिजे.

हे उगाच नाही सांगत. आमच्या तिसऱ्या घरात राहायला गेल्यावर चौथ्या रात्री बेसिनखालचा कनेक्शन पाइप निसटला. दोन वाजता पाण्याच्या आवाजाने जाग आली तेव्हा पाणी पॅसेजमधून बेडरूमच्या दारापर्यंत आलं होतं, खोकी अजून जमिनीवरच होती, आणि आम्ही दोघं टॉर्च घेऊन कॉक शोधतोय. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे तेवढ्याच नळाचं पाणी बंद करायचा छोटा कॉक, होता पण तो पार जाम, वर्षानुवर्षं कोणी फिरवलाच नसणार. मेन कॉक सापडला बाथरूमच्या फॉल्स सीलिंगच्या वर, तोही वीस मिनिटांनी. खोक्यांचा सगळ्यात खालचा थर भिजला, त्यात आईकडचे जुने अल्बम होते, फोटो एकमेकांना चिकटले ते शेवटपर्यंत सुटलेच नाहीत. तेव्हापासून नवीन घरात शिरलं की मी आधी कॉक शोधते. शोधायचाच नाही, एकदा बंद करून परत उघडून बघायचा, फिरतोय ना ते कळायला. बेसिन, सिंक, फ्लश टँक सगळीकडचे अँगल कॉक पण तसेच बघा, जाम असेल तर जोर लावून तोडू नका, दिवसाउजेडी प्लंबरकडून बदलून घ्या.

पाण्याचंच आणखी दोन-तीन. घर बरेच दिवस बंद होतं असं असेल तर सगळे नळ पाच-दहा मिनिटं सोडून द्या, पाइपात साठून राहिलेलं पाणी पिण्यासाठी अजिबात वापरू नका, आणि नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, त्यात कचरा अडकलेला असतो. बंद घरात शिरल्यावर बाथरूममधून गटारासारखा वास आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या वाटीतलं, पाणी सुकलेलं असतं, ते पाणीच खालचा वास अडवत असतं, त्यामुळे प्रत्येक जाळीत एकेक बादली पाणी ओता, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. आणि लपलेली गळती शोधायची असेल तर सगळे नळ बंद करा, मीटरचा फोटो काढा, तासभर कोणी पाणी वापरायचं नाही, परत फोटो काढा. आकडा पुढे गेला असेल तर कुठेतरी गळतंय. फ्लश टँकचा संशय असेल तर टाकीत थोडा खायचा रंग टाकायचा आणि अर्धा तास फ्लश करायचं नाही, खालच्या भांड्यात रंग उतरला की समजायचं आतलं रबर गेलं.

मीटरवरून आठवलं, पहिल्याच दिवशी वीज, पाणी, गॅस सगळ्यांच्या रीडिंगचे फोटो काढून ठेवा, आणि भिंतींवरचे डाग, तडे, तुटकी टाइल यांचे पण. भाड्याचं घर असेल तर डिपॉझिट परत घेताना हेच फोटो कामाला येतात.

वीज. एक जण डीबीपाशी, म्हणजे घरातल्या मेन वीज बोर्डापाशी, आणि एक जण खोल्यांमधून फिरतोय असं करून त्यातला एकेक एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पाडून बघा की नक्की काय बंद झालं, आणि मार्करने तिथल्या तिथे लिहून टाका. आधीच्या लोकांनी लिहिलेलं असेल तरी त्यावर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे 'किचन' लिहिलेल्या स्विचवर मुलांची खोली होती. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच, असेल तर त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबल्यावर सप्लाय लगेच पडला पाहिजे, नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरगुती वापराचा आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअर लीकेजचा असतो, शॉक बसला तर जीव वाचवणारी वस्तू तीच आहे, म्हणून यात चालढकल नको.

गॅसचा जोड नवीन केला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी ओढून कधीच नाही. वास आला तर दिवा लावायचाही नाही आणि बंदही करायचा नाही, गॅस बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि फोन बाहेर जाऊन करायचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साठतो, त्यामुळे वरची खिडकी उघडी आहे ना म्हणून निर्धास्त राहू नका.

कुलूप बदला. आधीच्या माणसांवर संशय म्हणून नाही हो, पण त्या किल्लीच्या किती कॉप्या कोणाकोणाकडे गेल्यात हे त्यांनाही आठवत नसतं. बऱ्याच दारांना कुलपाचा नुसता आतला सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, बदलला तरी भागतं.

आता मशिनं. फ्रिज उभा आणला असेल तर दोन-तीन तास थांबून चालू करा, आडवा आणला असेल तर मात्र उभा करून दिवसभर तसाच राहू द्या, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात गेलेलं असतं, ते परत खाली उतरायला वेळ लागतो. फ्रंट लोड वॉशिंग मशिनचा ड्रम नेताना बोल्ट लावून घट्ट केलेला असेल तर ते मागचे बोल्ट आठवणीने काढा, नाहीतर मशिन अख्ख्या घरात नाचेल आणि खराबही होईल. पहिली धुलाई चालू असताना तिथेच उभं राहा, पाइपाच्या जोडातून थेंब येतोय का ते हात लावून बघा.

हे सगळं झालं की मग खोकी, आणि त्यातही पहिलं काम पलंग. बाकी घर कसंही असू दे, अंधार पडायच्या आत गाद्या अंथरलेल्या पाहिजेत. चादर मुद्दाम जुनीच घ्या, रोजच्या वापरातली, नवीन कोरी नको, ओळखीच्या वासाने बरं वाटतं. तरी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, त्यात तुमचं काही चुकत नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये हे मोजून दाखवलंय, अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीकसारीक आवाजांवर लक्ष ठेवून असतो. पुढच्या वेळी तिथेच झोपल्यावर तो फरक कमी झालेला दिसला. त्यामुळे शिफ्टिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाची मीटिंग वगैरे ठेवू नका.

मुलांचं थोडं सविस्तर सांगते कारण ते राहून जातं. माझी लेक सहा वर्षांची असताना नवीन घरात रात्री उठली, झोपेतच डावीकडे वळली कारण जुन्या घरात बाथरूम डावीकडे होतं, आणि कपाटावर आपटली. रडत होती ते लागलं म्हणून कमी आणि "दार कुठे गेलं" म्हणून जास्त. दुसऱ्या दिवशी आम्ही पॅसेजमध्ये नाईट लॅम्प लावला आणि दिवसा दोन-तीनदा तिला डोळे मिटून पलंगापासून बाथरूमपर्यंत चालायला लावलं, हात धरून, खेळ म्हणून. दोन दिवसात तिला रस्ता पाठ झाला. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांच्यासाठी पण नाईट लॅम्प पहिल्याच रात्री हवा, आणि जाण्यायेण्याच्या वाटेत एकही खोकं नको. लहान मुलं असतील तर उंच कपाटं आणि ड्रॉवरचं युनिट भिंतीला क्लॅम्पने पक्कं करा, मुलं ड्रॉवर उघडून पायरीसारखी चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं. मांजर असेल तर तिला पहिले दोन-तीन आठवडे घराबाहेर सोडू नका, ती जुन्या घराच्या शोधात निघून जाते.

बाकीची खोकी निवांत उघडा, पण सगळ्या खोल्या अर्ध्या-अर्ध्या नको, एक खोली पूर्ण करा, दमल्यावर जाऊन बसायला एक तरी जागा पसाऱ्याशिवाय असावी. भिंतीत ड्रिल मात्र दोन आठवडे नको. तेवढ्या दिवसात कळतं की ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजता येतं, कुठल्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज नाही, शेजारचा आवाज कुठल्या भिंतीतून येतो, मग टेबल आणि पलंगाची जागा आपोआप ठरते. कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर मागे ओल धरते आणि बुरशी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि ड्रिल करताना स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते, नळांच्या बाबतीत पाइपाचं पण तसंच.

पत्ता बदलायची कामं कंटाळवाणी आहेत पण पहिल्या महिन्यातच उरका, बँक, विमा, मुलांची शाळा, ऑफिस, आणि ऑनलाइन ऑर्डरच्या अॅपमधला जुना पत्ता तर आधी डिलीट करा.

शेजाऱ्यांची ओळख सामान लागायची वाट न बघता करून घ्या, पहिल्याच आठवड्यात दार वाजवून नाव सांगा, नंबर घ्या, आणि विचारा की पाणी कधी जातं, लाइट गेली तर कोणाला फोन करायचा, प्लंबर कोण चांगला आहे. त्यांच्याकडून कळलेलं, मेन कॉकची जागा आणि इमर्जन्सीचे नंबर असं सगळं एका कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आमच्या आत्ताच्या घरातला तो कागद सात वर्षं झाली तिथेच आहे, कडा पिवळ्या पडल्यात, प्लंबरचा नंबर तीनदा खोडून नवीन लिहिलाय.