चक्रीवादळाच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

बंगालच्या उपसागरात जरा काही फिरायला लागलं की माझा फोन वाजतो. नागपूरला आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, मी 'हवामानवाले काका' म्हणून बदनाम आहे. त्याच त्या चुका ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक: "किनाऱ्यावर धडकलं, आता संपलं." 26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी 'गुलाब' आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. हिंगणघाटकडच्या माझ्या मावसभावाचं सोयाबीन सोंगून वावरातच पडलं होतं. म्हटलं, गंजीवर ताडपत्री टाक. तर म्हणे, "दादा, टीव्हीवर तर कमजोर पडलं म्हणून राहिले. कुठं आंध्र, कुठं आपण!"

कमजोर पडलं होतंच, पण वाऱ्यानं. वादळ जगतं समुद्राच्या वाफेवर. ती तुटली, खाली खडबडीत जमीन आली की वारा मोडतो. पण फिरती हवा आणि वर चढलेला ओलावा एका रात्रीत कुठं जाणार? तो उरलासुरला कमी दाब तेलंगण, विदर्भ, मराठवाडा भिजवत पश्चिमेला सरकला. 28 तारखेला उमरखेडजवळ पुरात बस वाहून गेली. भावाच्या गंजीतल्या दाण्यांना कोंब फुटले. आणि तोच अवशेष अरबी समुद्रात उतरला, पुन्हा गरम पाणी मिळालं, 'शाहीन' असं नवं नाव लागलं आणि 3 ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळला! तेव्हापासून धडकल्यानंतरचे तीन दिवस मी जास्त लक्ष ठेवतो. नागपूरकरांनी वाऱ्याचा आकडा सोडावा, अवशेष कुठून जाणार ते बघावं.

दुसरी चूक उतावळ्यांची. दहा दिवसांनंतरचा लालजांभळा नकाशा मोबाइलवर दिसला की लगेच ग्रुपवर. अरे, अजून साधं कमी दाबाचं क्षेत्र नाही! समुद्र साडेसव्वीस अंशांच्या वर तापला की वादळ होतंच, हा गैरसमज. जुलै-ऑगस्टमध्येही उपसागर गरमच असतो. पण तेव्हा खालचे वारे पश्चिमेकडून, वरचे जोरात पूर्वेकडून. ढगांचा मनोरा उभाच राहत नाही, म्हणून मोठी वादळं पावसाळ्याच्या आधी नाहीतर नंतर. मी नकाशे बघत नाही असं नाही, पण फॉरवर्ड करत नाही. वादळ उठल्यावर हवामान खात्याचं पत्रक दर तीन तासांनी येतं. सकाळचं आणि रात्रीचं वाचलं की मला पुरतं.

बाकीच्या किरकोळ. नाव पडलं म्हणजे महाभयंकर, असं नसतं. वारा ताशी 62 किलोमीटरला पोचला की नाव मिळतं. नकाशावरची मार्गाची रेघ फक्त वादळाच्या केंद्राची असते, पाऊस तिच्या शेकडो किलोमीटर बाजूलाही पडतो. आणि परदेशी साइटवरचे आकडे बहुधा नॉटमध्ये असतात. 1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर, गुणाकार करा, मग फोन करा.