दाण्यातलं लोह-जस्त वाढवायचं तर : सोयाबीन संकराची आमची रीत

लोह-जस्त जास्त असलेला वाण काढायचा म्हटलं की नवी पोरं चिमटा घेऊन फुलांकडे धावतात. मी त्यांना आधी दाणे धुवायला बसवतो. काळ्या मातीची धूळ दाण्याला चिकटलेली असते आणि त्या धुळीतलं लोह अहवालात दाण्याच्या खात्यावर चढतं. मळणीयंत्रातला नमुना घेऊच नका. शेंगा हातानं फोडा, दाणे डिस्टिल्ड पाण्यात झटपट धुऊन वाळवा. दळायला अगेटचा, म्हणजे कठीण दगडाचा, खल घ्या. पितळी खलबत्ता तांबं-जस्त सोडतो, स्टीलचं पातं लोह.

जनक वाण निवडताना सगळे एकाच हंगामात दोन-तीन ठिकाणी पेरा आणि मध्ये मध्ये तुलनेला जबलपूरचा जुना सोयाबीन वाण जेएस-३३५ ठेवा. चुनखडीच्या, सामू (पीएच) ८ च्या वर गेलेल्या जमिनीत चांगला वाणही जस्तात मागे पडतो. बारीक दाण्याच्या, कमी उताऱ्याच्या वाणात खनिजं जास्त भरतात, त्याला भुलू नका.

आता फूल. उद्या उमलेल अशी कळी हवी, पाकळ्यांचं टोक हिरव्या निदलांतून जेमतेम डोकावणारी. निदलं एकेक करून सोला, पाकळ्या चिमट्यात धरून एका ओढीत वर काढा. आत दहा पुंकेसरांचं कडं दिसेल, तेही उचला. कुक्षीला, म्हणजे मधल्या स्त्रीकेसराच्या शेंड्याला, चिमट्याचं टोक लागलं तर ती कळी सोडून द्या. मग नर म्हणून घेतलेल्या वाणाच्या, सकाळी उमललेल्या फुलातले परागकण कुक्षीवर टेकवा आणि दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. ऑगस्टच्या पावसात बऱ्याच कळ्या गळतात, म्हणून हात सैल सोडून भरपूर कळ्या करा. मादी पांढऱ्या फुलाची, नर जांभळ्या फुलाचा घेतला, तर संकर साधला की नाही हे रोप उगवताच कोवळ्या खोडाच्या जांभळ्या रंगावरून कळतं.

नुसतं जस्त वाढवून भागत नाही. दाण्यातलं फायटिक आम्ल ते अडवून धरतं. हिशेब सोपा: किलोत १५,००० मिलिग्रॅम फायटिक आम्ल भागिले त्याचा रेणुभार ६६०, जस्त ४५ मिलिग्रॅम भागिले त्याचा अणुभार ६५.४, दोन्हींचं गुणोत्तर ३३ च्या आसपास. १५ च्या वर शरीराला जस्त नीट लागत नाही. जस्त ५५ वर नेलं तरी २७ च. जस्त ४५ च ठेवून फायटिक आम्ल निम्म्यावर आणलं तर साधारण १६.५. म्हणून एक जनक कमी-फायटेटचा, म्हणजे कमी फायटिक आम्लाचा, घ्याच. हा गुण बहुधा अप्रभावी असतो, पहिल्या पिढीत दिसत नाही. दुसऱ्या पिढीत दाण्याच्या अंकुराविरुद्ध टोकाची कपची काढून मोलिब्डेटच्या द्रावणात टाका. गडद निळी झाली तर मोकळं फॉस्फरस जास्त, म्हणजे फायटेट कमी. उरलेला दाणा पेरता येतो.

या कमी-फायटेट दाण्यांची उगवण मात्र बऱ्याचदा कच्ची निघते. कुंडीत नाही, खरिपात उघड्या शेतात मोजा. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के लागते; त्याखाली रेंगाळणारा संकराचा वंश, जस्त कितीही असो, मी काढून टाकतो.