बागेतील गांडुळे कशी मोजावीत आणि कशी वाढवावीत

गोव्यात डोंगरउतारावरची काजूची बाग असो वा पाटाच्या पाण्यावरचे कुळागर (पोफळीची मिश्र बाग), तेथील माती बहुधा जांभ्यापासून झालेली, आम्लधर्मी आणि दर पावसाळ्यात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणारी असते. अशा जमिनीत गांडूळ नवे नत्र (नायट्रोजन) वा स्फुरद (फॉस्फरस) निर्माण करत नाही. ते पाला आणि माती पोटातून नेऊन त्यांतील अन्नद्रव्ये मुळांना घेता येतील अशा रूपात आणते, आणि त्याच्या बिळांमुळे पाणी वाहून न जाता मुरते.

प्रथम मोजणी करावी. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये, माती ओली असतानाच ती करावी, कारण उन्हाळ्यात गांडुळे खोल जाऊन निपचित पडतात आणि आकडा फसवा येतो. बागेत निदान पाच ठिकाणी, खोडापासून सारख्या अंतरावर, 25 सेंटीमीटर लांब-रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल मातीचा ठोकळा काढून गोणपाटावर हाताने फोडावा आणि त्यातील गांडुळे मोजावीत. पाच ठोकळ्यांची सरासरी काढून तिला 16 ने गुणले की चौरस मीटरमागची संख्या कळते. ढेकूळ फोडताना बिळाच्या कडेला गडद, गुळगुळीत लेप आणि त्याच बिळातून उतरलेली बारीक पांढरी मुळे दिसतात का, हेही अवश्य पाहावे. माझ्या मते आकड्यापेक्षा ही खूण अधिक बोलकी आहे.

मग खाद्याकडे वळावे. खाली पडलेल्या बिया वेचणे सोपे जावे म्हणून काजूचा पाला झाडून जाळला जातो, आणि त्याबरोबर गांडुळांचे वर्षभराचे अन्न व सावली दोन्ही जातात. तो पाला न जाळता समतल चरात (उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरात) किंवा आळ्यात, खोडाला न टेकवता पसरावा. काजूचे पान चिवट असते आणि सावकाश कुजते, त्यामुळे त्यात गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला आणि शेण मिसळावे. कुळागरात पोफळीच्या झावळ्या तोडून बुंध्याभोवती पसरल्या तरी पुरे. आळ्यातील माती वारंवार खोल खणू नये.

सुपारीवरील कोळेरोगासाठी, म्हणजे पावसाळ्यातील फळकुजीसाठी, मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारावे लागते आणि ते टाळा असे मी म्हणणार नाही. मात्र त्यातील तांबे विघटित होत नाही, ते वर्षानुवर्षे वरच्या थरात साचते आणि गांडुळांना मारक ठरते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि उरलेले कधीही झाडाच्या मुळाशी ओतू नये.

गांडूळखताच्या टाकीतील गांडुळे विकत आणून बागेत सोडण्यात अर्थ नाही. ती शेण आणि कुजणाऱ्या कचऱ्यात वाढणारी जात आहे, बागेच्या मातीत सहसा टिकत नाही. ओलावा आणि पाला मिळाला की स्थानिक गांडुळे आपसूक वाढतात. पुढील वर्षी त्याच हंगामात, पहिल्या खड्ड्यांच्या शेजारीच पुन्हा मोजणी करावी आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत.